डांबराचा भाव आणि आप्पांचा हट्ट

तीर्थरूप दाजी यांस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्ष घालायला दारापुढे जागा नाही, सगळी खडी आहे.) आपली तब्येत बरी असेल. ताईचा गुडघा कसा आहे? इकडे मी ठीक, आमची ही ठीक, आप्पा ठीक नाहीत. हे पत्र डांबराच्या टँकरच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. डांबर मिळो न मिळो, रिकामा टँकर घेऊन तुमच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या दारात तो रांगेला उभा राहतोच. फोन करणार होतो, पण कारखान्यात तुम्हाला फोन आत नेऊ देत नाहीत आणि घरचा फोन ताई उचलते. तिला यातलं अक्षरही कळू देऊ नका. ती रडत निघेल, आणि इथे पोचल्यावर रडणं थांबवून माझ्यावर हात उचलेल. थोरली बहीण आहे, अडवताही येत नाही.

तुम्ही हे उभ्याउभ्याच वाचणार, म्हणून मुद्द्याचं आधी लिहितो. आप्पांना दिवसाआड इस्पितळात यंत्रावर रक्त धुवायला न्यावं लागतं, हे तुम्ही जाणताच. परवाची पाळी चुकली. आजची दुपारची आहे, आणि ते जायला तयार नाहीत. पावलं सुजलीत, अंगठा दाबला तर खळगा तसाच राहतो, आणि बोलताना मध्येच धाप लागते. डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं की ओळीने दुसरी पाळी चुकली तर मग मला विचारू नका. रुग्णवाहिका येते, पण गल्लीच्या तोंडाशीच उभी राहते, कारण पुढे रस्ता नाही. परवापर्यंत कडेने पायवाट होती, आप्पा तिच्यावरून चालत जायचे; आता तीही खडीखाली गेली. रस्ता मी खरवडून काढलाय आणि वर गुडघाभर खडी पसरून ठेवलीय. लोकांच्या दारात रस्ते करणारा मी, बापाच्या दारातला काढून बसलोय. हसू नका.

आता हा रस्ता उखडला कुणामुळे? तुमच्यामुळे. रागावू नका, पुढे वाचा. मागे तुम्ही जेवायला आला होतात, तेव्हा ताक पिता पिता म्हणालात, "तेल पडतंय. जगभर पडतंय, चांगलंच पडतंय." दाजी, ज्याचा मेहुणा तेलाच्या कारखान्यात बसतो, त्या कंत्राटदाराने हे ऐकून काय करावं? मी खरकट्या हाताने उठलो, ओसरीवर जाऊन मुकादमाला फोन केला आणि सांगितलं, गल्ली खरवडायला घे. हिशेब सरळ होता. तेलाचा भाव पडला की डांबराचाही पडणार, कारण डांबर तेलातूनच निघतं. भाव पंधरवड्याला बदलतो. तोवर जुना रस्ता काढायचा, खडी पसरायची, आणि भाव उतरला रे उतरला की टँकर मागवायचा. कंत्राटातला दर ठरलेला, तेव्हा उतरेल तो फायदा आपला. (पलीकडच्या गल्लीच्या कंत्राटदाराने तेव्हाच्या भावाने डांबर घेऊन रस्ता करून टाकला. त्याला मी चहा पाजून वर अक्कल शिकवली होती. हल्ली तो मला चहा पाजतो.)

पंधरवडा उलटला, डांबर चढलं. म्हटलं, चुकून झालं असेल. पुढचा उलटला, आणखी चढलं. त्याच्या पुढे तर भाव सांगायलाही कुणी तयार होईना, मालच नाही म्हणाले. आणि पेपरात रोज छापून येतंय की तेल घसरलं. आप्पा ते मला मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि वाचून झालं की चष्म्यावरून खिडकीबाहेरच्या खडीकडे बघायचे.

शेवटी तुम्हाला गाठलं, तेव्हा तुम्ही शांतपणे समजावलंत. दूध तापवलं की साय वर आणि खरवड तळाशी, तसं तेल तापवलं की पेट्रोल-डिझेल वर आणि डांबर तळाशी. स्वस्त झालंय ते पातळ तेल, त्याला खरवड फारशी धरतच नाही. ज्याला धरते, ते जाड तेल येईनासं झालंय. आणि जी थोडी तळाशी उरते, तीही कारखाना आम्हाला देत नाही. डिझेलला भाव आलाय म्हणून तीच पुन्हा भट्टीत घालून, तापवून तापवून तिच्यातूनही डिझेल काढतो. म्हणजे भांड्याला लागलेलंसुद्धा तुम्ही बोटाने पुसून खाता आणि वर आम्हाला विचारता, जेवलात का? मी एवढंच म्हटलं की हे आधी सांगायचं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, "मी त्या दिवशी हेच सांगत होतो. तेल पडतंय, पण डांबर महागणार. 'पण' म्हणेपर्यंत तू ओसरीवर पोचला होतास."

मान्य. पण दाजी, ज्या वाक्याचा उत्तरार्ध माणसाला बुडवतो, त्याचा पूर्वार्ध इतक्या चवीने बोलू नये. आप्पांना हे सांगितलं, तर ते तुमच्याच बाजूने. जन्मभर पायी टपाल वाटलेला माणूस. म्हणाले, अर्धं पत्र वाचून रडणारेही पाहिलेत आणि अर्धं वाचून नाचणारेही, तू दुसऱ्या जातीचा. जावई म्हटला की त्याचं सगळं शहाणपणाचं. मी पोटचा, त्यामुळे माझं सगळं पोटदुखीचं.

परवा मी माझी चार माणसं बोलावली. जेवणाच्या टेबलाची हातवाली खुर्ची घेतली, तिला दोन बाजूंनी बांबू बांधले, वर उशी ठेवली. खडीवरून गल्लीच्या तोंडापर्यंत अलगद न्यायचं, एवढाच बेत. आप्पांनी कोट चढवला, उंबऱ्यापर्यंत चालत आले, खुर्ची पाहिली, बांबू पाहिले, खांद्याला टॉवेल लावून उभी असलेली चार माणसं पाहिली. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "चौघांच्या खांद्यावर माणूस एकदाच जातो. तुला एवढी घाई झालीय का?"

ते आत गेले, कोट खुंटीला लावला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. चौघं बिचारे टॉवेलच्या घड्या घालत राहिले. मी म्हटलं पाठुंगळी घेतो. नाही. म्हटलं दोघांनी हात धरून चालवतो. खडीत त्यांचं पाऊल वळलं असतं, हे मलाही कळत होतं. आमची ही त्यांच्यापुढे रडली, तर तिला म्हणाले, सूनबाई, तुझ्यावर राग नाही, पण रस्ता होईल तेव्हा मी जाईन. रस्ता कशाचा करू? बाजारात डांबर नाही. आणि त्यांच्या अंगात तेवढा वेळ नाही. आत्ता हे लिहितोय तेव्हा आतून त्यांच्या श्वासाचा आवाज येतोय, आणि तो मला आवडत नाही. भीती वाटते, दाजी, सरळच सांगतो.

असो. मी काही मागायला हे लिहिलेलं नाही. टँकर तर मुळीच मागत नाही, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. मोठ्यांना खुशाली कळवावी, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. ताईच्या गुडघ्याला गरम पाण्याने शेका म्हणावं.

आपला आज्ञाधारक (आणि अर्धवट ऐकणारा)
मेहुणा

ता. क. आता खरं लिहितो. पत्र मिळताक्षणी बाहेर येऊन आप्पांना फोन करा आणि सांगा, चूक माझी होती, पोराची नव्हती, आणि गुपचूप खुर्चीत बसा. तुमच्याकडून चूक झाली यावर ते विश्वास ठेवणार नाहीत, पण खुर्चीत बसतील. माझी अब्रू गेली तरी चालेल, माणूस राहू दे.

ता. क. दुसरा. पत्र द्यायचंच राहिलं, ड्रायव्हर गेला, ते खिशातच होतं. झालं असं की दुपारी आप्पा उठून खिडकीशी आले. खिडकीखाली माझा रोलर उभा, आणि त्यावर 'सावकाश' बसलेला. (रोलरच्या ड्रायव्हरला सगळे सावकाश म्हणतात. कारण तुम्हीच ताडा.) आप्पांनी त्याला विचारलं, हा चालतो का? तो म्हणाला, चालतो. मग उभा का? सावकाशने माझ्याकडे पाहिलं. मी समजावू लागलो की उघडी खडी आधी दाबली तर येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या ती पुन्हा उखडतात, डांबर आल्यावर एकदाच दाबायची, दुप्पट काम कोण करणार. आप्पांनी हात वर केला. "मला डांबराचं सांगू नकोस. मला वर चढव."

आम्ही चढवलं. खुर्चीवरची उशी सावकाशशेजारी ठेवली आणि आप्पांना कमरेला दोरीने सैल बांधलं. इस्पितळातून फोनवर फोन, की आता आला नाहीत तर यंत्र दुसऱ्याला देऊ. आणि रोलर म्हणजे रोलर, तो काही घाई जाणत नाही. मी बाजूने चालत होतो. आप्पांचा हात माझ्या डोक्यावर होता, कारण धरायला दुसरं काही नव्हतं. लहानपणानंतर पहिल्यांदाच, दाजी. मधे एकदा त्यांना इतकी धाप लागली की मी सावकाशला थांब म्हणालो, तर वरून बोटानेच खुणावलं, चालू दे. गल्लीच्या तोंडाशी पोचलो, तिथून रुग्णवाहिकेने इस्पितळात. यंत्र मिळालं. संध्याकाळी श्वासाचा तो आवाज थांबला, ते सरळ श्वास घेऊ लागले आणि मी इस्पितळाच्या जिन्यात बसून मनसोक्त रडून घेतलं. हे ताईला सांगितलंत तरी चालेल.

ता. क. तिसरा, आणि आता कामाचं. आप्पा दिवसाआड रोलरवरून जाताहेत. येऊनजाऊन खडी इतकी घट्ट बसली की रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर म्हणतो, आता थेट दारात येतो. आप्पा दारात तिच्यात बसत नाहीत. गल्लीच्या तोंडापर्यंत रोलरच हवा. प्रत्येक खिडकीपाशी हात वर करून नमस्कार करतात, टपाल वाटायचे तसे. आणि काल टँकर आला, दाजी. भरलेला; रांगेत त्याचा नंबर लागला एकदाचा. डांबर माझ्या खडी-डांबर कालवायच्या प्लांटच्या टाकीत ओतलंय आणि ते गोठू नये म्हणून मी रात्रंदिवस डिझेल जाळतोय. तेच डिझेल, ज्याच्यापायी डांबर मिळत नव्हतं. सकाळी माणसं घेऊन आलो, तर आप्पा गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले. रस्ता झाला की रोलर जाणार, हे त्यांनी ओळखलंय. मला म्हणाले, "हे डांबर दुसरीकडे वापर. इथलं भाव उतरला की घे. जावईबापू म्हणालेत ना, तेल पडतंय."

तेव्हा आप्पांना फोन कराच. आणि कृपा करून 'पण'पासून सुरुवात करा.