तिसऱ्या तंबूखालचं गवत

ताई,

बँकेसमोरच्या बागेतून तुमचे तंबू उठून चार महिने झाले. त्यांच्या जागी गवताचे पिवळे चौकोन उरले होते. मी माळी, म्हणून नवं बी मीच टाकलं. सगळे चौकोन हिरवे झाले, फक्त तुझा, कडेचा तिसरा, राहिला.

साहेबांचा पगार वाढतो तर आमचा का नाही, असं विचारत तू शिलाई कारखान्यातल्या बायकांसोबत तिथे महिनाभर धरण्याला बसलीस. मी डबा घेऊन आलो की चिडवायचीस, "आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि तुझ्या गवताला रोज दोनदा! पुढच्या जन्मी मला गवत कर रे बाबा."

मग ऐन थंडीत एका पहाटे फवारे सुरू झाले आणि तुम्ही सगळ्या अंथरुणासकट भिजलात. तू कुडकुडत विचारलंस, "पाणी कुणी सोडलं रे?"

मी म्हणालो, "घड्याळ लावलेलं असतं, ताई. आपोआप सुरू होतं."

दवाखान्यात शेवटच्या दिवशीही तू शेजारच्या खाटेवरच्या बाईला धापा टाकत सांगत होतीस, "माझ्या भावाची काही चूक नाही हो."

तुझ्या चौकोनाजवळचा फवारा मी चिंधी कोंबून बंद केलाय. तरी सकाळी कामावर येतो तेव्हा तेवढीच माती ओली असते. बाकीची बाग कोरडी.

तुम्ही भिजलात त्याच्या आदल्या संध्याकाळी बागेच्या साहेबांनी मला एवढंच विचारलं होतं, "नोकरी हवी ना?"

ताई, त्या फवाऱ्यांना घड्याळ नाही. चावी हातानेच फिरवावी लागते.

तुझा,
धाकटा