गाडीचा आकडा

रहाटणी,
३ जुलै २०२५
आकडा: ६१,४०८

ती. आप्पांस,
मिनलचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची हाताला सवय आहे, पण आज ते खोटं होईल. मी फार घाबरले आहे. इन्कम टॅक्सची नोटीस आली आहे. पाळणाघराच्या २०२३-२४ च्या रिटर्नमध्ये आपल्या व्हॅनचा सीएनजी, विमा, दुरुस्ती असा सगळाच खर्च धंद्याचा म्हणून वजा दाखवला होता. आता ते विचारतात, गाडी मुलांना आणायला-सोडायला किती चालली आणि घरासाठी किती, त्याचा पुरावा द्या. मुदत एकवीस तारखेची आहे.

आमचे कर सल्लागार निरंजन म्हणाले, ताई, एक रजिस्टर आणा आणि एका बैठकीत अख्खं वर्ष भरून टाका, फक्त मधूनमधून पेन बदला. रजिस्टर आणलं, पण पहिल्या पानावर तारीखसुद्धा लिहिता येईना. तुमचे जावई बुद्धरत्न चाकणला कंपनीत सेकंड शिफ्टला जातात, त्यांना अजून सांगितलेलं नाही. दारावरची बेल वाजली की आई आली म्हणून मुलं धावतात आणि मी जागच्या जागी थिजते.

मग तुमची आठवण झाली. तुमचे कान गेल्यापासून आपलं बोलणं पत्रातूनच, आणि एसटी चालवून रिटायर झालेल्या माणसाला लेकीच्या खुशालीआधी तिच्या गाडीचं मीटर हवं असतं! तुम्हाला चिडवत का होईना, दर पंधरा दिवसांच्या पत्रावर मी आकडा लिहीत आले, आणि गाडी कुठे कुठे गेली तेही. तेवढीच खरी नोंद आहे. त्या वर्षाची पत्रं पाठवून द्या.

फक्त बावीस एप्रिलचं जाळून टाका. कोणतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी करिष्माचा ज्ञानेश मागच्या सीटवर झोपला होता, आणि मी बाकीची मुलं उतरवून, काचा बंद करून वर निघून आले. अडीच वर्षांचं लेकरू पंधरा-वीस मिनिटं उन्हात एकटं होतं. ते कुणाच्या वाचनात आलं तर माझं पाळणाघर संपलं.

तब्येतीला जपा. हे वाचून लेकीवरची माया कमी करू नका.

तुमची,
मिनल


परंडा,
७ जुलै २०२५

चि. मिनल हिस,
आप्पाचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मलाही घाम फुटला. तीस वर्षं गाडी चालवली, पण साहेब दिसला की माझे पाय अजून जुळतात. तरी एक सांगतो, मागाहून भरलेली लॉगशीट लगेच ओळखू येते. खऱ्या शीटवर बोटाचं तेल लागलेलं असतं, एखादा आकडा खोडलेला असतो. ते रजिस्टर मुलांना चित्रं काढायला देऊन टाक.

तुझी सव्वीस पत्रं ओळीने लावून बसलो. वर्षात गाडी चौदा हजार सहाशे चालली. त्यातले चार हजार दोनशे घरचे निघाले. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आळंदीचं लग्न, कंपनीची बस बंद होती तेव्हा जावईबापूंना चाकणला सोडणं. घरचे ते घरचे म्हणून कबूल कर आणि त्यावरचा कर भर. पैसे कमी पडले तर लाजू नकोस, कळव.

बावीस एप्रिलचं पत्र जाळलं नाही. काडी ओढली होती, खोटं कशाला बोलू. पण त्यात तू लिहिलं होतंस की लेकराचे ओठ सुकले होते आणि उचलून घेतल्यावर त्याने तुझीच ओढणी घट्ट धरली. तेवढं वाचलं आणि काडी विझवली. साहेबाला त्या पत्राची गरज नाही, आकडे त्याच्यावाचून जुळतात. म्हणून ते वेगळ्या पाकिटात घातलं आहे. बहिऱ्या बापाला तू सांगितलंस, पण जिला सांगायला हवं तिला दोन वर्षांत सांगितलं नाहीस. पाकिटावर करिष्माचं नाव घातलं आहे. द्यायचं की नाही ते तू ठरव.

जेवत जा. घाबरलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
आप्पा


रहाटणी,
१८ जुलै २०२५
आकडा: ६१,६५२ (सोमवारपासून हाच)

ती. आप्पांस,
सविनय जयभीम. वि. वि.

नोटिशीला उत्तर गेलं. घरचे किलोमीटर घरचे म्हणून लिहिले. निरंजननी तोंड वाकडं केलं, पण बेरीज तपासून दिली. कर आणि व्याज भरावं लागेल. बुद्धरत्नांनाही सगळं सांगितलं. आधी का नाही बोललीस, एवढंच ते विचारत राहिले.

करिष्माचं पाकीट तीन दिवस खेळण्यांच्या पेटीत लपवून ठेवलं होतं. सोमवारी ती हिंजवडीहून ज्ञानेशला न्यायला आली तेव्हा दिलं. तिने पायरीवर बसूनच वाचलं. मला वाटलं आरडाओरडा करेल. ती हळू आवाजात म्हणाली की गाडीची काच वर केली की पोरगं किंचाळतं, म्हणून तिने तीन डॉक्टर केले, नवऱ्याशी भांडली, एकदा तर पोराला फटकेही दिले, आणि कारण माझ्याकडे होतं. आप्पा, मला ते ठाऊक होतं. दोन वर्षं मी त्याच्यासाठी भर पावसातही काच उघडी ठेवत आले, आणि त्यातच स्वतःला चांगली समजत राहिले.

मग बाकीच्या आयांनाही सांगितलं. दोघींनी मुलं काढून घेतली. उरलेल्या स्वतः आणून सोडतात, व्हॅन उभीच आहे. मंगळवारपासून ज्ञानेश आला नाही.

आज दुपारी करिष्माचा फोन आला. ते पत्र तिने डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं आहे की त्याच व्हॅनमध्ये त्याला ओळखीच्या माणसाजवळ बसवा आणि काच रोज बोटभर वर घ्या. मागच्या सीटवर मी त्याच्याशेजारी बसेन का, असं तिने विचारलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. मी हो म्हणाले.

उद्या नऊ वाजता ती त्याला घेऊन येणार आहे. नोटीस आली तेव्हा बेल वाजेल म्हणून मी घाबरत होते. आता वाजलीच नाही तर काय, याची भीती वाटते आहे.

तुमचा आशीर्वाद उद्या नऊपर्यंत तरी नक्की पाठीशी असू द्या, पुढचं पुढे मागेन.

तुमची,
मिनल