विहिरीवरचं इंजिन

आबा, तुमचं इंजिन आज भंगारवाल्यानं नेलं. वीज येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ते विहिरीच्या काठाला गंजत पडलं होतं, कारण काढा म्हणायला घरात कुणाची जीभ रेटत नव्हती. शेवटी भावाच्या थोरल्यानं मला न विचारता सौदा केला. "अडचण व्हती नुसती, आत्या," म्हणाला. त्याचं काय चुकलं? त्याच्या जन्माआधीची गोष्ट ती. मी स्वयंपाकघरात डाळ निवडत बसले आणि ते गेल्यावर कागद घेतला. जन्मभर शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, पण तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. तुम्ही पलीकडच्या सोप्यात खोकत असताना लिहिणार तरी कशाला.

लढाई संपली त्या सुमाराचं आठवतंय. हे फौजेतून नुकतेच सुटून आले होते, तिकडं वाळवंटात मोटारी हाकून. माझं लग्न झालं, जावयाला तुम्ही आपल्याच घरी ठेवून घेतलंत आणि महिन्या-दोन महिन्यांत तुमची जुनी पिकअप त्यांच्या हाती दिलीत. कराडहून पाटणमार्गे घाट उतरून चिपळूणला गूळ न्यायचा, येताना नारळ आणि सुकट आणायची. पण पेट्रोल कुपनावर. तुम्ही कुपनासाठी कराडला जायचात आणि येताना साऱ्या सरकारचा उद्धार करत यायचात. मग कुणीतरी सांगितलं, पुण्याकडं फौजेच्या सामानाचा लिलाव आहे, आणि तुम्ही तिथून ते दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन घेऊन आलात. फौजेत त्यावर विजेचे दिवे लागायचे म्हणे. तुम्ही पंचक्रोशीतल्या विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारे. जगातलं कुठलंही इंजिन तुमच्या लेखी विहिरीवरचंच.

परड्यातल्या चिंचेच्या फांदीला साखळी टांगून तुम्ही जुनं इंजिन उचललंत. खाली गाडीच्या पोटात हे, वर तुम्ही. नवं इंजिन आणि गिअरबॉक्स यांचं तोंड जुळेना, तेव्हा मधे बसवायला जाड लोखंडाची तबकडी कापायची ठरली. तिचं माप धरायला तुम्ही स्वयंपाकघरात शिरून माझा पोळपाट घेऊन गेलात आणि त्यावर खिळ्यानं रेघा मारल्यात. पोळ्या सणालाच व्हायच्या, म्हणून मी फार बोलले नाही. तुम्हा दोघांचे काळे हात, एकाच परातीतल्या भाकरी, तुमचं त्यांना पाव्हणं पाव्हणं म्हणत चिडवणं. आबा, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस ते. पुढं जे झालं त्यानंही ते खोटे ठरले नाहीत.

जेवताना तुम्ही एक गंमत सांगितली होती. डिझेलचं इंजिन मरायला टेकलं आणि त्याच वेळी त्याला मागं हिसका बसला, तर ते उलटं फिरायला लागतं. धूर भलत्याच बाजूनं येतो, पंपाला पाणी येत नाही, आणि शेतकरी पाटाकडं बघत खुळ्यासारखा उभा राहतो. आम्ही सगळे हसलो. हे मात्र हसता हसता थांबले. पेट्रोलची गाडी चावी फिरवली की बंद होते, डिझेलचं तेलच तोडावं लागतं, आणि तेल तोडायचा दांडा इंजिनाच्या कुशीला, बॉनेटच्या आत. विहिरीवर माणूस इंजिनापाशी उभा असतो, हात सहज पोचतो. गाडीत माणूस आत बसलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुम्हाला म्हटलं, "मामा, त्या दांड्याची एक तार माज्या हातापाशी आणू या. बसल्या जागी बंद करता आलं पायजे."

तुम्ही हात पुसत म्हणालात, "आणू की, पाव्हणं. पयली खेप तर करून या. बॉनेट उचलायचं नि दांडा दाबायचा. लय अवघड न्हाई त्ये."

माझ्याकडं एकदा पाहून हे पुन्हा गाडीखाली शिरले. फौजेत त्यांनी गोऱ्या साहेबाला पुन्हा बजावलं असतं. पण जावई माणूस, सासऱ्याला तीच गोष्ट दोनदा सांगणं त्यांना बरं दिसलं नाही. दिव्यांच्या तारा जुन्या चावीवरूनच गेल्या होत्या म्हणून चावीही तशीच राहिली. तुम्ही नारळ फोडलात, मी गाडीला ओवाळलं.

चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात ते झालं. मागं पोत्यांवर व्यापाऱ्याचा माणूस बसला होता, त्यानं उडी टाकली म्हणून आपल्याला कळलं तरी. चढाच्या वळणावर इंजिन दमलं, मरायला टेकलं, गाडी गिअरमध्येच जराशी मागं सरकली आणि इंजिननं पुन्हा धरलं. उलटं. ब्रेक लावून हे थांबले होते. इंजिनचा आवाज चालू आहे म्हटल्यावर कुणाच्या मनात काय येईल? त्यांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी मागं उसळली. ब्रेक जुने, मागं जाणारी गाडी त्यांना धरवेना. क्लच दाबायचं सुचायला जेवढा वेळ लागतो तेवढाही त्यांना मिळाला नाही. हात गेला तो सवयीनं चावीकडं. "चावी फिरवत व्हते, सारकी फिरवत व्हते," तो माणूस आपल्या अंगणात बसून सांगत होता, "गाडी ऐकतच न्हवती. त्यांच्यासकट दरीत गेली." तुम्ही खांबाला धरून उभे होतात. माझ्याआधी तुम्हाला सगळं कळलं होतं.

त्यांचे तेरा दिवस झाले आणि तुम्ही बैल आणि दोर घेऊन दरीत उतरलात. गाडी तिथंच सोडलीत, इंजिन घेऊन आलात. गावाला वाटलं तुम्ही ते नदीत टाकणार. तुम्ही ते विहिरीवर बसवलंत. आणि जिथं काही गरज नाही तिथं त्या दांड्याला तार बांधलीत, लिंबाखालच्या दगडापर्यंत आणलीत, आणि रोज त्या दगडावर बसून तार ओढून इंजिन बंद करायला लागलात. मी भाकरी घेऊन यायची आणि लांब उभी राहून बघायची. त्याच पाण्यावरच्या उसानं मला शिकवलं, मास्तरीण केलं.

एकदाच तुम्ही विचारलंत, तेही खाली बघत. "पोरी, ह्ये काढून टाकू का गं?"

मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. ऊस वाळंल."

तुम्हाला त्यातून काय कळलं कोण जाणे. मलाच कळत नव्हतं. कधी वाटायचं, माफ केलं. कधी सकाळी ती फटफट सुरू झाली की वाटायचं, या जन्मात नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमचं सगळं मी केलं, लोकांनी वाखाणलं. पण तुम्ही माझ्याकडं ज्या शब्दासाठी बघत राहायचात तो मला देता आला नाही, आणि तुम्ही तसेच गेलात.

हा कागद सकाळी बंबात घालणार आहे, पोरांच्या हाती नको. एवढंच सांगते. पितृपंधरवड्यात तुमच्या नावाचं पान भाऊ वाढतो आणि त्यांच्या नावाचं मी. त्यांचा चेहरा मला आता आठवत नाही, आबा. मात्र कारळ्याची चटणी त्यांना अजिबात चालत नव्हती, हे पक्कं आठवतं. तुम्हाला ती फार आवडायची. गेली कित्येक वर्षं मी ती तुमच्या वाटणीची म्हणून त्यांच्या पानावर वाढते.