बाबांनी चटई का पांघरली

प्रिय मलाकी,

मी पाठवलेले नारळाच्या दुधातले पाव तू कोठडीतल्या सगळ्यांना वाटून टाकलेस आणि स्वतः एकही खाल्ला नाहीस, असं आत्याकडून कळलं. "रागातसुद्धा वाटून खातो, पोरगा आपलाच," म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही. न्यायाधीशबाईंनी तुला जामीन देऊन आज तीन दिवस झाले. कागद तयार आहे, फक्त तुझी सही नाही. "ज्यांनी मला गुन्हेगार ठरवून चटई पांघरली, त्यांच्या घरी मी पाऊल ठेवणार नाही," एवढंच तू बाबांना जाळीतून ऐकवलंस. बाबा घरी आले आणि तारोचे कंद सोलत बसले. सगळ्या बेटावर ज्यांच्यापुढे भाषणाला उभं राहायला लोक कचरतात, ते आपले बाबा.

म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, तुला ठाऊकच आहे.

आपल्या मैदानावरच्या सामन्यानंतर भांडण झालं, पलीकडच्या गावच्या लेवीच्या डोक्यात बॅट बसली, आणि पोलिसांनी तुला नेलं. तू म्हणालास, मी मारलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना बाबा लेवीच्या गावी गेले, त्याच्या घरासमोर गुडघे टेकून बसले आणि आजीची बारीक विणीची चटई त्यांनी डोक्यावरून ओढून घेतली. मी नीरफणसाच्या झाडाआड उभी होते. ऊन चढलं तरी घरातून कोणी बाहेर येईना. कोणी दगड घेऊन धावलं असतं, तरी बाबा हलले नसते; क्षमा मागायची आपली रीतच तशी आहे. "एरवी म्हाताऱ्याच्या तोंडाला खळ नसते, आज बघा कसा गप्प!" अशी कुजबूज मी ऐकली, तशी त्यांनीही ऐकली असणार. शेवटी लेवीचे वडील आले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी चटई उचलून क्षमा दिली. त्या घडीला दोन गावांमधली मारामारी टळली.

जामिनाच्या सुनावणीला तुला आणलं नव्हतं, म्हणून सांगते: सरकारी वकिलांनी नेमकी हीच गोष्ट न्यायालयात काढली. म्हणाले, "घरच्यांनीच क्षमा मागितली, म्हणजे गुन्हा कबूल झाला. शिवाय याचे काका न्यूझीलंडला आहेत, हा पळून जाईल." मी हाताच्या पाठीनं डोळे पुसत राहिले. आत्या कानाशी लागली, "रडू नकोस गं, बाई म्हणतील यांच्या घरी आधीच पूर आलाय, पोराला कुठे पाठवू!"

न्यायाधीशबाईंनी बाबांना उभं केलं आणि सरळ विचारलं, "मुलानं मारलं असं वाटतं म्हणून चटई पांघरलीत का?" बाबा म्हणाले, "नाही बाई. माझा मुलगा खोटं बोलत नाही. पण लेवी आमच्या मैदानावर पडला. ज्याच्या अंगणात रक्त सांडलं, त्यानं आधी मान वाकवायची. ते कोणी सांडलं, हे शोधायचं काम तुमचं."

मलाकी, बाबांची किती भाषणं ऐकली मी, पण माझी मान इतकी ताठ कधी झाली नव्हती.

बाई काय म्हणाल्या ते मी वहीत उतरवून घेतलं आहे. खटला उभा राहायला पाच महिने लागतील. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस मोकळा असतो. त्याला कोंडायचं तर कारण सरकारनं दाखवायचं, शिक्षा आगाऊ देता येत नाही. पाहायचं ते इतकंच, की हा तारखेला हजर राहील का आणि साक्षीदारांच्या वाटेला जाईल का. पासपोर्ट जमा करा, लेवीच्या गावी फिरकू नका, दर शुक्रवारी पोलिसांकडे हजेरी लावा. "आणि बापानं मान वाकवली, हा मुलाविरुद्धचा पुरावा नव्हे." बाबा जामीन राहिले आहेत.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं, ते. चटई पांघरायला बाबा आपणहून गेले नाहीत. मी त्यांना पाठवलं. "बाबा, त्यानं मारलं असेल तर?" असं मी म्हणाले, आणि आजीची चटई मीच पेटीतून काढून त्यांच्यापुढे ठेवली. "त्यानं मारलेलं नाही," ते म्हणाले, "पण जायला हवं, हे तुझं खरं." त्यांना तुझी खात्री होती, तरी ते वाकले. खात्री नव्हती ती मला. जाळीपाशी तू त्यांना नाही नाही ते बोललास, तेव्हा त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी शेजारी उभी होते, मीही घेतलं नाही. तुझा राग माझा आहे, तो बाबांवर काढू नकोस. सही कर आणि घरी ये. माझ्याशी पाच महिने बोलला नाहीस तरी चालेल, मी निमूट तुझं ताट वाढत जाईन.

तुझ्या रागाची खरी धनीण,
तुझी बहीण असेनाती