फ्रीजमधला स्ट्रॉबेरीचा साबण

नोरीन,

तुझा फोन इथेच टेबलावर पडलाय, म्हणून ही चिठ्ठी. आई हॉस्पिटलात आहे. मी फक्त तिचं विम्याचं कार्ड न्यायला घरी आलेय.

तू स्ट्रॉबेरीचा साबण घोटलास, पुडिंगच्या वाडग्यात ओतलास आणि फ्रीजमध्ये ठेवून खुशाल बाहेर गेलीस. आईने पुडिंग समजून चमचाभर तोंडात घातला. तिचे ओठ आणि जीभ भाजलीय. घशाखाली काही गेलं नाही, असं डॉक्टर म्हणतात. ते आपलं नशीब, तुझी अक्कल नव्हे.

"ताजी फळं आहेत गं ताई, सगळं नैसर्गिक!" म्हणे. मग साबणातला तो भाजणारा कॉस्टिक सोडा काय झाडाला लागतो? आईला हल्ली काही उमजत नाही, हे तुला किती वेळा सांगितलं! पण तू पोर्टलंडहून चार दिवस येणार, तिला हसवणार, आणि मागचं सगळं मी निस्तरायचं.

वाडगा शेडमध्ये कुलपात ठेवलाय. आईचा चष्मा मला सापडत नाही, तो शोध आणि लगेच हॉस्पिटलात ये. माझ्याशी बोलू नकोस.

जीभ भाजलेली असतानाही ती सारखं एकच विचारतेय, "नोरीन जेवली का?" तिच्या उशाशी मी सकाळपासून उपाशी बसून होते.

लुईझ