गैरहजर माणसाचा वाटा

चि. थ्रासोस यास,

पोलिक्सेनीताईचे भरपूर आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघे सोडून. मीही बरी आहे, घसा सोडून. मेलबर्नला म्हणे उन्हाळा चाललाय. चालू दे, इथे खिओस बेटावर गारठ्याने आमचे दात वाजताहेत. तब्येतीला जप (फोटोतली तुझी दाढी बघून आई काय म्हणाली, ते लिहीत नाही).

डिसेंबरात तू फोनवर आईला सांगितलंस, की यंदा नव्या वर्षाचा वासिलोपिता केक कापताना माझ्या नावाचा तुकडा काढू नकोस, दरवर्षी कोंबड्यांच्याच पोटात जातो. आई "बरं" म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ स्वच्छ ओटाच पुसत राहिली. त्याविषयी मी इथे अवाक्षर काढणार नाही. हे पत्र फक्त अपूर्णांकांबद्दल आहे.

तर झालं असं. माझ्या इंग्रजीच्या वर्गात आठ पोरं आहेत, दुसरी-तिसरीतली. धडा आला हाफ, थर्ड आणि क्वार्टरचा. फळ्यावर वर्तुळं काढून काढून हात दुखला, तरी चतकोराला हाफ म्हणतात आणि हाफला पिझ्झा. मग मला अवदसा आठवली. जानेवारीच चाललाय, वर्गातच वासिलोपिता कापू. एकदा कापली की हाफ, पुन्हा कापली की क्वार्टर, आणि शेवटी एकेकाच्या तोंडात समान आठवा हिस्सा. आईने रुमी मस्तकीचा सुवासिक डिंक घालून केक भाजून दिला. मी सुरी उचलली, "हाफ" म्हटलं, आणि पोरांनी एकच गलका केला. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा देवमातेचा, तिसरा घराचा (म्हणजे इथे शाळेचा). माझं गणित तिथेच कोलमडलं. त्यात आर्गिरो उठली. हिचे वडील जहाजावर असतात, सध्या ब्राझीलकडे कुठेतरी. तिला बाबांचा तुकडा हवा. मी म्हटलं, अगं, पण बाबा इथे नाहीत ना? ती माझ्याकडे मी मठ्ठ असल्यासारखी बघत म्हणाली, "नाहीत, म्हणून तर कापायचा. इथे असते तर त्यांनी स्वतःच मागितला असता."

झालं. मग प्रत्येकाला कोणी ना कोणी आठवलं. जर्मनीतली आत्या, सैन्यातला भाऊ, एकाला तर मेलेलं गाढव. केकचा पार भुगा झाला. पण आर्गिरो पट्टी लावून बाबांचा तुकडा आपल्या तुकड्याशी मोजत होती आणि "इक्वल, इक्वल" म्हणून मला दटावत होती. महिनाभर घसा फोडून हा शब्द एकाच्याही तोंडी बसला नव्हता.

मला आपले बाबा आठवले. सुरीने केकवर क्रूस काढून ते एकेक नाव पुकारायचे, आणि ज्याच्या तुकड्यात येईल त्याला वर्षाचं नशीब देणारं, केकात दडवलेलं नाणं तू आदल्याच दिवशी आईची विणायची सुई खुपसून शोधून ठेवलेलं असायचं. चाळण व्हायची रे केकची. आणि समुद्रावर गेलेल्या काकाचा तुकडा बाबा तुझ्याच हाती सोपवायचे. तू एवढा खादाड, पण त्याला कधी तोंड लावलं नाहीस. कपाटात जपून ठेवायचास, मुंग्या लागेपर्यंत.

असो. तिकडे शाळेत वापरायच्या रंगीत चकत्या मिळतात म्हणे, अर्ध्या, पाव वगैरे. एक संच पाठव. केक कापून अपूर्णांक शिकवणं आपल्या लोकांत अशक्य आहे.

तुझ्याशी अजिबात भांडत नसलेली,
पोलिक्सेनीताई

ता. क. एक तारखेला घरी काय झालं ते लिहायचं नव्हतं, पण कागद उरलाय. आईने तुझं ऐकलं, तुझा तुकडा काढला नाही. सगळ्यांना वाढून झालं, आणि मग तिने स्वतःच्याच तुकड्यावर सुरी ठेवली, त्यातला अर्धा तुझ्यासाठी ठेवायला. सुरी खट्‌कन अडली. नाणं बरोब्बर मधोमध, अर्धं तिच्या बाजूला, अर्धं तुझ्या. आता ती म्हणते, यंदाचं नशीब आम्हा दोघांचं समसमान, आणि त्याचं अर्धं मी त्याच्याच हातात देणार, पोस्टाच्या नाही.

ता. क. दुसरा. चकत्याही पोस्टाने पाठवू नकोस. ईस्टरला स्वतः घेऊन ये. तुझा तुकडा कोंबड्यांना घातलेला नाही, कपाटात आहे. मुंग्या लागल्या आहेत.