गाडीला चार रिव्हर्स कसे आले

तीर्थस्वरूप मामा,

वाकून नमस्कार (कमरेत उसण भरल्यामुळे अर्ध्यापर्यंतच वाकता येतं, तेवढा गोड मानून घ्या). मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला गेला, की अजून मामींना ऐकू जाऊ नये म्हणून गच्चीवर जाऊन खोकता? मागच्या पत्रात तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिली होती, 'गाडी कशी आहे?' त्यावर 'उत्तम आहे' असं उत्तर मी लिहूनही ठेवलं होतं. पण तुम्ही मला चालवायला शिकवलं ते ह्याच गाडीवर, आणि तुमच्याशी खोटं बोललो की माझे कान तापतात. तेव्हा खरं सांगतो. आधी खुर्चीवर बसा.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी गाडी सुरूच होईना. हिला हॉस्पिटलात ड्यूटीवर सोडायचं होतं. स्टार्टर घरघर करी, इंजिन ढिम्म. ही मात्र "असू दे, मी बसने जाते" म्हणून निघूनसुद्धा गेली (एरवी पाच मिनिटं उशीर झाला तरी घर डोक्यावर घेते). कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडलं, कशालाही हात न लावता आत पाहिलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "इंजिन संपलं. भंगारात घाला." मला रागच आला. कोटाचं अस्तर फाटलं म्हणून मी गिऱ्हाइकाला कधी कोट फेकायला सांगितला नाही, नवं अस्तर लावून दिलं. मग गाडीचंही अस्तर का बदलू नये? शिवाय खरं सांगू का, इतकी वर्षं त्या झाकणाखाली नेमकं काय चालतं ते मला कधीच कळलं नव्हतं, आणि ते बघायची खाज सुटली होती.

भंगारवाल्याकडे एका बेकरीची व्हॅन होती. मागून कोणीतरी ठोकून तिची पार चपाती केली होती, पण पुढचं इंजिन शाबूत. ते हातगाडीवरून घरी आणलं. ज्याला सगळे मायक्रोमीटर म्हणतात तो आमच्या गल्लीतला लेथवाला मदतीला आला (तो मुलीची उंचीसुद्धा मिलिमीटरमध्ये सांगतो). शेडच्या तुळईला साखळीची पुली टांगली आणि दोघांनी मिळून जुनं इंजिन वर ओढलं. इंजिन वर आलं तशी तुळई खाली आली. पडली नाही, नुसती वाकली; पण त्या दिवसापासून शेडचं दार लागत नाही. माझी कंबरही त्याच दिवसाची.

आता बेकरीचं इंजिन आपल्या गिअरबॉक्सला बसेना, भोकं जुळत नव्हती. मधे एक लोखंडी पाटी हवी, असं मायक्रोमीटर म्हणाला. "माप तू दे, पाटी मी कापतो." माप घेणं हा तर माझाच धंदा. पुठ्ठ्यावर खडूने सुरेख बेतलं, कापलं, दिलं. पाटी आली ती चहूबाजूंनी अर्धा इंच मोठी. मायक्रोमीटर लालबुंद. पुठ्ठ्यावर पट्टी ठेवून पाहिलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सवयीने मी शिलाईसाठी जागा सोडली होती. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दुसरी पाटी त्याने स्वतःच्या मापाने केली.

शेवटी एका रविवारी किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झालं. मामा, काय सांगू, अंगावर काटा आला! मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे जाऊन भिंतीला टेकली. दुसरा टाकला, मागेच. तिसरा, चौथा, मागेच. घाबरत रिव्हर्स टाकला, तर गाडी गुमान पुढे चालू लागली. चार रिव्हर्स आणि पुढे जायला एक! मायक्रोमीटरने डोक्याला हात लावला. मी मात्र खडूची रेघ मारून इंजिनाचं चाक फिरताना पाहत बसलो. शिलाई मशीनचा पट्टा आठाच्या आकड्यासारखा चढवला तर वरचं चाक उलटं फिरतं. हे इंजिन मुळातच डावखुरं निघालं! मग तोड सोपी. मधे कुठेतरी आणखी एकदा उलटं करायचं.

तोवर एक दिवस हिला तशाच गाडीने हॉस्पिटलात सोडून आलो, रिव्हर्समध्ये सरळ. पेपरवाला सायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला, दोन घरी पेपर देऊन पुन्हा मागे टाकून गेला. ही वाटभर तोंडाला रुमाल लावून हसत होती. पुढच्या रविवारी आम्ही मागच्या चाकांचा अख्खा आस खोलून उलथा बसवला. आता गाडी पुढे पुढे जाते आणि मागे मागे. मला तर अजून एखादं इंजिन उघडून बघावंसं वाटतंय.

मामींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमचा भाचा

ता. क. गाडी कागदोपत्री अजून तुमच्या नावावर आहे आणि इंजिन बदलायला मालकाची संमती आधी लागते, असं आरटीओ ऑफिसात कळलं. सोबत फॉर्म जोडला आहे. फुलीपाशी सही करा. तारीख मी घालीन.

ता. क. २ काल मायक्रोमीटरने जुनं इंजिन सहज फरशीवर ठेवून, बॅटरी जोडून पाहिलं. पहिल्या झटक्यात सुरू झालं. मग गाडी बंद का पडली होती? मी रात्रंदिवस विचार करतोय. तुम्हाला काही सुचतं का?

ता. क. ३ (हे मी लिहितेय. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं.) मामा, गाडी देताना सीटखालचं ते चोरबटण, जे बंद असलं की किल्ली फिरवूनही इंजिन पेटत नाही, तुम्ही मला एकटीलाच दाखवलं होतं, आठवतं? ते मी बंद केलं (नवं इंजिन बसल्यावर गुपचूप पुन्हा चालू केलं). रेडिमेड कपड्यांपुढे दुकान बंद करावं लागलं आणि हे दिवसभर भिंतीकडे बघत बसायला लागले. म्हटलं, दोन दिवस गाडीत डोकं घालतील, तेवढाच विरंगुळा. मला काय माहीत, इंजिन बदलतील म्हणून! पण परवा जेवताना स्वतःहून बोलले, पोटभर हसले. तेव्हा सही करा, आणि गाडी का बंद पडली होती ते तुम्हालाही सुचत नाही, असं कळवा.